पट्टी लहान, किनारा लांब

भारताच्या किनाऱ्याची लांबी 7516 किलोमीटर, हे वाक्य आपण शाळेत पाठ केलं आणि पुढे कित्येक दशकं तसंच बोलत राहिलो. अलीकडे नव्या मोजणीनंतर सरकारने तीच लांबी 11,098 किलोमीटर असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात देशाला नवा समुद्र मिळालेला नाही. फरक पडला तो मोजण्यात. जुन्या ढोबळ नकाशात जे वळण सरळ रेषेत बुजून गेलं होतं, ते बारीक नकाशात आपल्या सगळ्या मुरडींसह उमटलं. किनाऱ्याचा हा विलक्षण गुण आहे : मोजायची पट्टी जितकी लहान घ्यावी तितका तो लांबत जातो. किनाऱ्यावरची भटकंती आणि हातातल्या फोनने टिपलेले तिचे फोटो यांचा विचार करताना मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. आपण किनारा पाहायची पट्टी फार मोठी ठेवली आहे आणि फोन ही ती लहान करण्याची सर्वांत स्वस्त संधी आहे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

माझ्या पिढीने किनाऱ्याचा फोटो बदलताना पाहिला आहे. घरातल्या जुन्या अल्बममध्ये समुद्र हमखास असायचा, पण माणसांच्या मागे. 36 फोटोंचा रोल, तो धुऊन आणायचा खर्च, एखादा फोटो वाया गेला तर होणारी हळहळ. या हिशेबात लाटेला किंवा खेकड्याला जागा नव्हती. फोटो म्हणजे सहलीला गेल्याची पावती होती आणि ती तशी असणं तेव्हा रास्तही होतं. त्याच्या कितीतरी आधी, 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजींसारखी आपली माणसं तिच्यात काम करू लागली, तेव्हाचा फोटो आणखी महाग होता. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवायचं, ते ओलं आहे तोवर छायाचित्र घ्यायचं आणि लगेच अंधारात धुवायचं. म्हणजे अंधारी खोली जिथे तिथे बरोबर न्यायची. काचेवर प्रतिमा उमटायला इतका वेळ लागे की हलतं पाणी गुळगुळीत होऊन जाई. आज ही सगळी अडचण संपली आहे. फोनमध्ये रोल नाही, धुलाई नाही, चुकीची शिक्षा नाही. तरी आपण फोटो कोणते काढतो? अल्बममध्ये होते तेच. अलिबाग, तारकर्ली, गोवा. पाठीमागे समुद्र, पुढे आपण. साधन बदललं, नजर रोलच्या काळातच राहिली.

ही नजर किती आखूड पडते ते बाळकुमला उभं राहिलं की कळतं. ठाण्याच्या या टोकाला राहणाऱ्या माणसाला ‘किनाऱ्यावर जाऊया’ म्हटलं तर तो सुट्टी, गाडी आणि हॉटेलचा विचार करतो. पण बाळकुमचा माणूस बेटावर राहतो. कल्याणकडून आलेली उल्हास नदी याच परिसरात साष्टी बेटाला भिडते. तिचा मोठा प्रवाह काशेली, कोलशेत, घोडबंदर असा वसईच्या खाडीकडे जातो आणि लहान फाटा साकेत-कळव्याकडून ठाण्याच्या खाडीला मिळतो. या पाण्यात समुद्राची भरती चढते. कल्याण हे एके काळी बंदर होतं ते याच पाण्याच्या जोरावर, आणि शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठी आरमाराची सुरुवात झाली तीही याच खाडीच्या आश्रयाने. किनारा म्हणजे वाळू आणि नारळ ही व्याख्या पर्यटनाची आहे. जिथे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी माणसाच्या डोळ्यांसमोर येते तो किनारा, ही व्याख्या मला अधिक खरी वाटते. आगरी-कोळी वस्तीने या येत्या-जात्या पाण्याला नावंही दिली आहेत : उधाण म्हणजे मोठी भरती, भांग म्हणजे लहान भरती, सुकती म्हणजे ओहोटी, खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती जमीन. शब्द असतात तिथे पाहणं झालेलं असतं.

यावर पहिली हरकत अगदी साहजिक आहे. खाडीत फोटो काढण्यासारखं आहे काय? गाळ, वास, वाहत आलेलं प्लॅस्टिक, पलीकडे गोदामं, डोक्यावर पूल. ही हरकत खोटी नाही. खाडीची आपण केलेली दशा नाकारून तिचं सौंदर्य सांगणं अप्रामाणिकपणा होईल. पण या हरकतीत फोनचाही वाटा आहे. बहुतेक फोनचं मुख्य भिंग रुंद दृश्य घेणारं असतं. त्याने समोरचा जवळचा भाग मोठा आणि दूरचा भाग बारीक होतो. काशेलीच्या पुलाजवळून पलीकडचा काठ टिपला तर चित्रात अर्धा चिखल, अर्धं आकाश आणि मध्ये दोऱ्याएवढी झाडांची रेघ उरते. मग ‘इथे काहीच नाही’ असं वाटणारच. हेच भिंग जवळच्या गोष्टीपाशी नेलं की मात्र त्याचा दोष गुण होतो. तिवराच्या पानाच्या पाठीवर मिठाचे कण चमकत असतात, कारण हे झाड शोषलेलं खारं पाणी पानांवाटे बाहेर टाकतं. ओहोटीच्या वेळी त्याची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. बिनहवेच्या गाळात मुळांना श्वास पुरवायची ती सोय आहे. पाण्याबाहेर आलेला निवटा परांवर रेटा देत चिखलावर सरकतो. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेला खेकडा ती उंचावून मादीला खुणावतो. हे सगळं कठड्यापासून हातभर अंतरावर सापडतं आणि सकाळच्या तिरप्या उन्हात साध्या फोनलाही पेलतं. दूरच्या दृश्यात जो किनारा संपला होता तो इथे सुरू होतो. पट्टी लहान केल्याचा हा पहिला लाभ.

दुसरी हरकत अधिक खोल आहे : कॅमेरा डोळ्यांच्या आड येतो, पाहायचं असेल तर फोन खिशात ठेवा. या म्हणण्याला प्रयोगाचा आधारही आहे. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने संग्रहालयात केलेला, 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अनेकदा सांगितला जातो. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या वस्तू त्यांना, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, कमी आठवल्या. जणू लक्षात ठेवायचं काम त्यांनी यंत्रावर सोपवलं. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. ज्यांनी वस्तूच्या एखाद्या तपशिलावर भिंग जवळ नेऊन फोटो घेतला त्यांची आठवण कमी झाली नाही. चित्रात न आलेला भागही त्यांना आठवला. म्हणजे विसर पाडतो तो घाईचा, सगळं एकदम कवेत घेणारा फोटो. तपशील निवडायचा तर आधी पाहावं लागतं, आणि एकदा पाहिलेलं राहतं. त्यामुळे फोन खिशात ठेवा या सल्ल्यापेक्षा फोन जवळ न्या हा सल्ला मला अधिक उपयोगाचा वाटतो.

मग साहसाचं काय? किनारा म्हटल्यावर तरुण मनाला खडकाचं टोक, फुटणारी लाट, किल्ल्याची तटबंदी हवी असते. ही ओढ मला मोलाची वाटते, तिच्याशिवाय माणूस घराबाहेर पडणार नाही. पण फोटोसाठी घेतलेला धोका आणि साहस यांत फरक केला पाहिजे. 2011 ते 2017 या काळातल्या बातम्यांवर आधारलेल्या एका भारतीय अभ्यासात जगभर सेल्फी काढताना झालेले 259 मृत्यू मोजले गेले. त्यांत सर्वाधिक भारतातले होते आणि सर्वांत मोठं कारण बुडणं हे होतं. 2016 च्या जानेवारीत वांद्र्याच्या खडकांवर सेल्फी घेणाऱ्या मुली पाण्यात पडल्या. त्यांना वाचवायला उडी घेणारा माणूसही परतला नाही, त्यानंतर मुंबईत सेल्फीबंदीच्या जागा ठरवाव्या लागल्या. अशा वेळी माणसाची पाठ समुद्राकडे असते, ही यातली सर्वांत दुःखद गोष्ट. साहसाला पाण्याचं ज्ञान लागतं. कोळ्यांचा जुना हिशेब असा, की तिथीच्या पाऊणपट वाजता भरती पूर्ण होते : चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते म्हणून हा हिशेब जमतो. हा मुंबईच्या किनाऱ्याचा अंदाज झाला. खाडीत आतवर पाणी पोहोचायला आणखी वेळ जातो. आपल्या बाळकुमच्या काठी तो किती, हे भरतीचं वेळापत्रक हातात घेऊन, काठावरूनच, महिनाभर तपासणं ही मला खरी मोहीम वाटते. तिच्यात अंदाज आहे, चूक आहे, प्रतीक्षा आहे आणि समुद्र कसा चालतो ते स्वतः शोधल्याचा आनंद आहे.

या मोहिमेत फोन केवळ सोबती राहत नाही, साक्षीदार होतो. प्रत्येक फोटोबरोबर वेळ आणि, तशी सोय चालू असेल तर, ठिकाणही नोंदलं जातं. या साध्या गोष्टीचं बळ ऑस्ट्रेलियात दिसलं. 2017 पासून तिथे ‘कोस्टस्नॅप’ नावाचा उपक्रम चालतो. किनाऱ्यावर ठरावीक जागी फोन ठेवायची पोलादी बैठक बसवतात; येणारा-जाणारा तिच्यात फोन ठेवून एक फोटो काढतो आणि पाठवतो. कोन तोच असल्याने, भरतीची पातळी हिशेबात धरून, संशोधक किनारा किती सरकला ते मोजतात. मुंबईत त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेलं आणि फोटोंच्या आधारे शेकडो समुद्रजीवांची नोंद केली. ज्या किनाऱ्याला शहर मेलेला समजत होतं तिथले. यावर कोणी म्हणेल, आजचे फोन चित्र आपणच सजवतात, मग ते पुरावा कसे? शंका बरोबर आहे. फोन अनेक चित्रं एकत्र करून एक बनवतो, आकाश गडद करतो, गाळाचा करडा रंग उबदार करतो. म्हणून रंगावर विसंबू नये, सजावटीचे पर्याय बंद ठेवावेत आणि एका सुंदर चित्रापेक्षा एकाच जागेच्या, एकाच भरतीच्या अनेक चित्रांवर भर द्यावा. एक फोटो फसवू शकतो. एका कोनातून वर्षभर काढलेल्या पन्नास फोटोंनी फसवणं कठीण आहे.

बाळकुमच्या बाबतीत हे काम आत्ताच का करावं, यालाही कारण आहे. बाळकुम ते गायमुख असा सुमारे 13 किलोमीटरचा किनारी मार्ग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) आखला आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची मार्गिका बाळकुम नाक्यावरून काशेलीकडे खाडी ओलांडते. घोडबंदर रस्त्यावरची रोजची कोंडी सोसणाऱ्याला नवा रस्ता का हवा ते मला कळतं, आणि या लेखात मी त्या रस्त्याच्या बाजूचा किंवा विरोधातला वकील नाही. पण काठ बदलणार असेल तर तो आधी कसा होता हे कुणाकडे तरी असायला हवं. 2018 च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या नाशावर राज्यभर बंदी घातली. अशी बंदी कागदावरून काठावर उतरायची तर इथे झाडं होती, भराव अमुक महिन्यात पडला, पाणी पूर्वी इथवर येत होतं, हे दाखवणारं काही लागतं. दक्षिणेकडच्या ठाण्याच्या खाडीला थोडी दाद मिळाली आहे : 2015 मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा आला. गुलाबी थव्यांच्या फोटोंनी लोकांच्या मनात त्या गाळाला किंमत मिळवून दिली, असं मी मानतो. उल्हासच्या या बाजूला तसा देखणा पाहुणा नाही. तिची किंमत रोज पाहणाऱ्यांनाच सिद्ध करावी लागेल.

एक मर्यादा मात्र पाळायला हवी. पाहणं वाढलं की गर्दी वाढते आणि गर्दीने जे पाहायला आलो तेच मोडतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात ती क्षितिजाच्या उजेडाच्या दिशेने. तिथे एखाद्याच्या फोनचा झोत त्यांची वाट चुकवू शकतो, म्हणून फ्लॅश नको असं सांगावं लागतं. खाडीतल्या घरट्यांनाही हाच न्याय. घरट्याचं नेमकं ठिकाण जगाला सांगू नये, चिखलात उतरू नये, आणि जाळं ओढणाऱ्या माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नये. ती त्याची रोजी आहे, आपला देखावा नव्हे.

आयुष्यात किनाऱ्याचे फोटो आपण जमवतो ते वर्षातून एकदा, दर वेळी नव्या गावाचे. ते जमवावेत, तारकर्लीचं निळं पाणी पाहायचा हक्क बाळकुमच्या माणसालाही आहे. पण त्यांच्या जोडीला एक फोल्डर असं असावं, ज्यात गाव एकच आहे आणि बदलते ती फक्त तिथी. पौर्णिमेच्या उधाणात बुडालेली श्वासमुळं, अष्टमीच्या भांगात उघडी पडलेली तीच मुळं, पावसाळ्यात लाल झालेलं पाणी, वैशाखात भेगाळलेलं खाजण. पन्नास वर्षांनी कोणी ते उघडेल तेव्हा तिथे आपण कुठे उभे होतो हे त्याला कळणार नाही, कारण चित्रात आपण नसू. पाणी कुठवर येत होतं, ते मात्र बोटभर फरकाने कळेल.