समासातली पेन्सिल

वाचताना हातात पेन्सिल लागते, ही मला जडलेली सर्वांत चांगली सवय. ती नसली की डोळे ओळींवरून सरसर धावतात, पान उलटतं आणि मागच्या पानावर काय होतं ते सांगता येत नाही. ती असली की परिच्छेद संपताच थांबावं लागतं. काय कळलं? पटलं का? नसेल पटलं तर कुठे अडलं?

इरावती कर्व्यांचं 'युगान्त' मी असंच वाचलं. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असेल का, हा प्रश्न बाई मांडतात. तिथे समासात मी लिहिलं, 'पुरावा?' त्या एका शब्दाने पुढची पानं बदलून गेली. बाई एकेक दाखला समोर ठेवत होत्या आणि मी तो तोलून पाहत होते. मरणसमयी विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो, त्या प्रसंगाशी पेन्सिल बराच वेळ रेंगाळली. शेवटी लिहिलं, 'सुंदर. पण मला अजून शंका आहे.' ती शंका आजही तिथेच आहे, आणि ते प्रकरण मला आजही आठवतं ते तिच्यामुळेच.

नुसत्या रेघा ओढून हे होत नाही. परीक्षेच्या दिवसांत पिवळ्या मार्करने पान न् पान रंगवणारी मुलं पाहिली की मला हळहळ वाटते. इतके कष्ट, आणि तेही चुकीच्या जागी. मानसशास्त्रज्ञ जॉन डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती संशोधनाच्या आधारे पारखल्या. अधोरेखन कमी उपयोगाच्या पद्धतींत गेलं. 'हे असं का?' असं स्वतःला विचारणं आणि वाचलेलं स्वतःला समजावून सांगणं त्याच्या वर राहिलं. रेघ ओढताना हात हलतो, मन स्वस्थ बसू शकतं. समासात स्वतःचे चार शब्द लिहायचे तर मनाला उठावंच लागतं.

अशा वाचनातून काय उभं राहतं याचं माझ्या मनातलं सर्वांत मोठं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई त्यांचे गुरू. ड्यूईंचं 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' १९१६ चं. बाबासाहेबांनी खुणा करून वाचलेली त्याची प्रत अभ्यासकांनी तपासली आहे. पुढे १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते ड्यूईंचं ऋण मोकळेपणाने सांगतात आणि त्यांचे विचार जातिव्यवस्थेपुढे उभे करतात. अमेरिकेतल्या शिक्षणासाठी लिहिलेल्या ग्रंथाकरवी इथल्या समाजाला जाब विचारायचा, तर तो ग्रंथ आधी किती बारकाईने वाचायला हवा!

एक पथ्य मात्र आपल्याच परंपरेने घालून दिलं आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. हस्तलिखितांवरून नकला होता होता तिच्यात पाठभेद साचले, वाचणाऱ्यांच्या पदरच्या ओव्याही शिरल्या. संत एकनाथांनी १५८४ साली प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. जो या ग्रंथात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजावं, असा इशारा त्यांच्या नावावर आहे. मला त्यातलं प्रेम फार जाणवतं. लेखकाचं लेखकापाशी, आपलं आपल्यापाशी. मध्ये समास कोरा ठेवलेला असतो तो यासाठीच. तिथे हवं तेवढं भांडावं, पण भांडण्याआधी लेखक काय म्हणतो ते त्याच्या बाजूने एकदा नीट लिहून काढावं. हे दुसरं काम अवघड आहे, आणि समजतं ते त्यातूनच.

रद्दीतून आलेल्या पुस्तकात अनोळखी अक्षर दिसलं की मी आधी तेच वाचते. कुणीतरी 'खोटं!' असं ठसठशीत लिहिलेलं असतं, कुणी एखाद्या कवितेशेजारी फक्त तारीख घातलेली असते. त्या माणसाचं नाव कळत नाही, पण तो कुठे थांबला ते कळतं. पुष्कळदा पन्नासाव्या पानानंतर खुणा संपतात, आणि मला वाईट वाटतं.

स्वतःच्या पुस्तकात निःसंकोच लिहा. शाईने नको, पेन्सिलीने, कारण मत बदलतं. वाचनालयाच्या पुस्तकात मात्र एकही रेघ नको. तिथे चिठ्ठी घाला, तिच्यावर पानाचा आकडा आणि तुमचा प्रश्न लिहा, आणि पुस्तक परत करण्याआधी ती काढून वहीत चिकटवा.