बाक आणि बैठक

गुरुकुंज मोझरी

आदरणीय पाळकसाहेब,


उपासनामंदिरात नवे बाक करून घ्यावेत की पूर्वीप्रमाणे सतरंजीवरच बैठक ठेवावी, हा आपल्या मंडळीपुढील प्रश्न केवळ सुताराच्या अंदाजपत्रकाचा नाही. कोण कोठे बसतो यावरून समुदायातील परस्परसंबंध ठरत असल्यामुळे त्याचा विचार थोडा मागे जाऊन करणे इष्ट आहे.

ख्रिस्ती उपासनेच्या पहिल्या हजार वर्षांत मंदिराच्या मध्यभागी बाक जवळजवळ नव्हतेच. भाविक उभे राहत किंवा गुडघे टेकत, आणि पुढे वृद्ध व दुबळ्यांसाठी भिंतीलगत दगडी ओटे बांधले जाऊ लागले; पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेच्या अनेक मंदिरांत उभ्याने उपासना करण्याची रीत आजही टिकून आहे. लाकडी बाक मध्ययुगाच्या उत्तरार्धात पसरले आणि 16व्या शतकातील धर्मसुधारणेनंतर, म्हणजे वचनाच्या विवरणाला उपासनेचे केंद्र मानणाऱ्या चळवळीनंतर, ते अपरिहार्य झाले, कारण लांबलचक उपदेश उभ्याने ऐकवत नाही. बाकाने श्रोत्याला स्वस्थता दिली, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याने जागेला मालकही दिला. इंग्लंड-अमेरिकेत सधन कुटुंबे बाकाचे भाडे भरून पुढची जागा राखून ठेवत आणि गरिबांच्या वाट्याला मागची किंवा कडेची जागा येई. फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज मंदिरात तर 18व्या शतकाच्या अखेरीस, ठरवून दिलेली जागा सोडून बसल्याच्या कारणावरून, कृष्णवर्णीय भाविकांना प्रार्थना चालू असताना ओढून उठवण्यात आले. त्यांचे पुढारी रिचर्ड ॲलन आणि अबसालोम जोन्स आपल्या माणसांसह तेथून बाहेर पडले, आणि ॲलन यांच्या नेतृत्वाखाली 1816 मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट मंडळींचा स्वतंत्र संघ उभा राहिला.

यावरून जमिनीवरची बैठक आपोआप समतेची ठरते असे मात्र मानता येणार नाही. वऱ्हाडातल्या गावांत पंगती जमिनीवरच बसत आणि तरीही जातीजातीने वेगळ्या बसत. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. पंजाबराव देशमुखांना 1927 मध्ये लढा उभारावा लागला. म्हणूनच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केल्यावर जी सामुदायिक प्रार्थना रुजवली, तिच्यातील बैठकीची शिस्त विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सामुदायिक प्रार्थना म्हणजे गावातील सर्व जातिधर्मांच्या लोकांनी ठरल्या वेळी एकत्र बसून एका सुरात केलेली प्रार्थना. येथे संध्याकाळी पादत्राणे बाहेर ओळीने ठेवली जातात, आत सरळ रांगा धरून मांडी घालून बसले जाते, आणि समोर मूर्ती नसून अधिष्ठान, म्हणजे परमतत्त्वाचे प्रतीक मानलेले आसन, असते. जमीनदार आणि सालदार यांचे गुडघे एकाच सतरंजीवर एकमेकांना लागावेत, ही गोष्ट सद्भावनेवर न सोडता रांगेच्या नियमाने घडवून आणली, यातच या पद्धतीचे खरे बळ आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेलाही अशी जमिनीवरची बैठक परकी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले, आणि भजनाला लागते ती खुली बैठक. टाळ घेऊन उभे राहणाऱ्याला व डोलणाऱ्याला दोन बाकांमधली अरुंद फट पुरत नाही.

गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना जमिनीवर बसवणे ही मात्र समता नव्हे, तो छळ होईल. तेव्हा भिंतींच्या कडेने, पाठीला टेकण असलेले आणि ‘उपासना-संगीत’ हे गीतांचे पुस्तक ठेवण्यास बाजूला फळी असलेले मोजके बाक करावेत आणि मधली जागा सतरंजीसाठी मोकळी ठेवावी, ही जुन्या दगडी ओट्यांची योजना आपल्या मंडळीसाठी मला सर्वांत सोयीची वाटते. बाकाच्या पाठीवर ‘यांच्या स्मरणार्थ’ असे रंगवण्याचा आग्रह देणगीदार धरतील; तो नम्रपणे नाकारावा आणि ती नावे मंडळीच्या नोंदवहीत लिहावीत, कारण नाव रंगवलेल्या बाकावर नवख्या माणसाचे बसणे लवकरच खटकू लागते.



आपला स्नेहांकित