पोहे, पल्सर आणि पुढचा रविवार

रविवारी सकाळी सहा वाजता तुम्ही काय करता? मी झोपते. फ्रीलान्सर असण्याचा तेवढाच तर फायदा आहे, बॉस! पण जानेवारीतल्या एका रविवारी मी कानटोपी आणि त्यावर हेल्मेट अशा भन्नाट अवतारात वर्ध्याच्या बजाज चौकात उभी होते. शेजारी माझी पल्सर. तिचं गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी, सोमवारी चार वाजता घरी येणार होतं.

तर झालं असं, की ऑक्टोबरमध्ये एका वळणावर रस्त्यात सोयाबीन वाळत घातलेलं होतं. विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सुगीत आमचा अर्धा डांबरी रस्ता म्हणजे खळंच असतं. शेंगांवरून चाक सटकलं, बाइक एकीकडे आणि मी दुसरीकडे. उजव्या मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर, डाव्या हाताने टाइप केलेले लेख आणि आईचं रोजचं ‘विकून टाक ती’. खरं सांगू? आईपेक्षा मीच जास्त टरकले होते. प्लास्टर निघाल्यावरही बाइक नुसती पुसून ठेवायचे. विकायच्या आधी एकदा फिरवून आण, म्हणून मैत्रिणीने या ग्रुपमध्ये ढकललं.

ग्रुपला नाव नाही, टी-शर्ट नाही. डझनभर बाइक्स. कॉलेजातला एक पोरगा आरएक्स १०० वर, म्हणजे १९९६ मध्ये बंद झालेली गाडी स्वतःपेक्षा वयाने मोठी! एक बँकवाला बुलेटवर. आणि येझदीवाले काका. येझदीची गंमत माहितीये? किक आणि गिअर एकाच दांडीवर. किक मारायची आणि तीच दांडी फिरवून गिअर टाकायचा. माझ्या गाडीकडे बघून बँकवाला म्हणाला, ‘हिला ‘डेफिनेटली मेल’ म्हणायचे ना जाहिरातीत?’ मी म्हटलं, ‘हो, म्हणूनच रुसली असेल माझ्यावर.’ ‘सध्या काय करतेस?’ हे मात्र कोणीच विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या फ्रीलान्सरला विचारून बघा, याची किंमत काय असते ते.

नियम एकच. सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा स्पीड तोच सगळ्यांचा स्पीड. तो मान अर्थातच माझा.

आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, पण त्यावर टू-व्हीलरला बंदी. त्यामुळे आपला जुना रस्ताच बरा. पवनारला धाम नदीच्या पुलावर धुकं होतं. इथल्या आश्रमातून विनोबा १९५१ मध्ये पायी निघाले आणि भूदान मागत तेरा वर्षं देशभर चालले. आणि मी पस्तीसेक किलोमीटरवरच्या बोर धरणाला जाताना देवाचं नाव घेत होते.

सेलूपर्यंत ठीक गेलं. हिंगणीच्या रस्त्यावर एक वळण आलं आणि समोर तुरीच्या काड्या पसरलेल्या. पुढच्या गाड्या कर्रकर्र करत निघून गेल्या. माझा पाय आपोआप खाली टेकला. हात थरथरत होते. मागून येझदी येऊन थांबली.

‘काहून थांबली वं पोरी? भेव वाटते का?’

‘हो काका.’

‘मग उतर ना बाप्पा. कोणी बक्षीस देऊन राहिलं का?’

मी उतरले. काकाही उतरले. गाड्या बंद करून दोघांनी त्या काड्यांतून ढकलत नेल्या. आडवळणावर अख्खा ग्रुप थांबलेला. मला वाटलं, आता फिदीफिदी हसणार. कोणी हसलं नाही. ‘चला, तर्री संपून जाईल,’ एवढंच कोणीतरी बोललं.

बोरला वाघ दिसला का? नाही. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालाय, पण वाघाला तसं कोणी कळवलेलं नाही की आज आम्ही येतोय. धरणावर फोटो काढले आणि परत सेलू. वर्धा दारूबंदीचा जिल्हा, त्यामुळे इथल्या राइडचा शेवट चिल्ड बिअरने होत नाही, तर्री पोह्यांनी होतो. लालभडक तर्री, त्यात चणे, वरून कच्चा कांदा. एका काकूंनी डब्यातून गोरसपाक आणला होता, तो तर मिनिटात फस्त!

दुसऱ्या प्लेटला विषय निघाला तो पडण्याचा. आरएक्सवाल्या पोराने पँट वर करून नडगीवरचे टाके दाखवले. आत स्टीलची पट्टी आहे म्हणे. बँकवाल्याचं कोपर. काकूंचा खांदा. काका १९८९ मध्ये म्हशीला धडकले होते. ‘म्हशीले काही नाही झालं,’ ते म्हणाले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी स्वेटरची बाही सारून मनगट पुढे केलं.

परतताना त्या वळणाची वाट नव्हती, पण माझा स्पीड पंचेचाळीसवर गेला होता. आरशात येझदी दिसत होतीच.

सोमवारी बरोबर चार वाजता गिऱ्हाइकाचा फोन आला. ‘मॅडम, येऊ का?’

मी म्हटलं, ‘पुढच्या सोमवारी या ना. रविवारी जरा गाडीचं काम आहे.’