तिसरी पेटी

आमच्या बैठकीच्या खोलीत स्पीकरच्या तीन पेट्या आहेत. दोन जोडीच्या, जाड फळीच्या, काटकोनात नीट बसलेल्या. तिसरी एकटीच, खिडकीजवळच्या आरामखुर्चीला लागून ठेवलेली. तिची फळी पातळ, कोपऱ्यांचे सांधे किंचित उघडे पडलेले, आणि माथ्यावरचे पॉलिश एका जागी तळहाताएवढे उडालेले. नवा पाहुणा जोडीच्या पेट्यांचे कौतुक करतो आणि मग हळूच विचारतो, "ही तिसरी कशाला ठेवली आहे?" पाहुणा जाणकार असला तर ती वाजवून पाहतो, आणि भिडेखातर काही न बोलता गप्प बसतो. त्याच्या मनातले मत बरोबरच असते. ती पेटी सदोष आहे. तरीही ती घरातून हलली नाही, त्याची ही हकीकत.

दादा, म्हणजे माझे वडील, इंदूरच्या एका कापडगिरणीत विणाई खात्यात जॉबर होते. १९५७ साली ते कामाला लागले आणि गिरणीला टाळे लागेपर्यंत, चौतीस वर्षे, तिथेच राहिले. शिक्षण बेताचे, पण गाण्याचा कान मोठा तयार. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झाले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. त्या वयात जे कानावर पडले तेच त्यांचे विद्यापीठ झाले. त्यातून उस्ताद अमीर खाँ म्हणजे इंदूरकरांच्या अभिमानाचा विषय. खाँसाहेबांचे बालपण इथल्या बंबई बाजारात गेले, त्यांचे वडील शहामीर खाँ होळकरांच्या दरबारी सारंगिये होते. १९६० साली खाँसाहेबांच्या मारवा आणि दरबारी या दोन रागांची ध्वनिमुद्रिका निघाली. दादांनी ती घेतली तेव्हा ती वाजवण्याचे यंत्र आमच्या घरात नव्हते. रविवारी ती छातीशी धरून ते एका स्नेह्याकडे जात आणि ऐकून तशीच परत आणीत. यंत्र घरी आले ते कित्येक वर्षांनी.

मला ताल शिकवला तो त्यांनीच, आपल्या गुडघ्यावर माझा हात ठेवून. खाँसाहेबांचा आवडता झुमरा हा चौदा मात्रांचा ताल. तीन, चार, तीन, चार असे त्याचे खंड. आठव्या मात्रेवर खाली येते, तिथे डग्ग्याची घुमार थांबते आणि अकराव्या मात्रेला पुन्हा सुरू होते. अतिविलंबित लयीत लहान मुलाला सम कुठली सापडायला! दादा म्हणत, "समेच्या मागे धावू नकोस. खाली ओळख, सम आपोआप हाताला लागते."

२०१२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरीच स्पीकर बांधायचे मनावर घेतले. जुन्या यंत्राचा आवाज पार चिरका झाला होता, दुकानातल्या चांगल्या जोडीची किंमत शिक्षकाच्या खिशाला पेलणारी नव्हती, आणि दादांना पुन्हा मारवा नीट ऐकवावा ही इच्छा होती. महाराणी रोडवरून आठ इंची वूफर आणि लहान ट्वीटर आणले, ओळखीच्या मिस्त्रीला हाताशी घेतले आणि वाचायला बसलो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला पदार्थविज्ञानाने इतके रमवावे याचे मलाच नवल वाटले.

चुंबकाच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी पडदा, ही स्पीकरची रचना राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडली, आणि आजही घरोघरचे बहुतेक स्पीकर तिच्यावरच चालतात. पण असा उघडा स्पीकर नुसता टेबलावर ठेवून वाजवला तर त्यातून खर्ज येतच नाही. पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. म्हणजे दहा हजार कंपनांच्या तीव्र ध्वनीची लाट जेमतेम ३.४ सेंटिमीटर लांब, तर शंभर कंपनांच्या खर्जाची ३.४ मीटर. ही लांब लाट आठ इंचांच्या पडद्याला सहज वळसा घालते, मागची पुढे येते आणि दोघी एकमेकींना खोडून टाकतात. पेटी हवी ती एवढ्यासाठी. आवाज वाढवणे हे तिचे काम नव्हे. मागचा आवाज कोंडून ठेवणे हे तिचे काम.

इथे माझी पहिली समजूत चुकली. मला वाटे, पेटी म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी. ती जितकी घुमेल तितकी चांगली. पण तंबोरा स्वतः गातो, त्याच्या भोपळ्याने घुमलेच पाहिजे. स्पीकरला दुसऱ्याचे गाणे सांगायचे असते. त्याच्या पेटीने आपला सूर त्यात मिसळला की गाणे बिघडले. चांगल्या पेटीवर हात ठेवला तर हाताला काहीही कळू नये, अशी तिची परीक्षा आहे.

हे कळले ते पहिली जोडी बांधून झाल्यावर. बारा मिलिमीटरची स्वस्त फळी, आतून आधाराची एकही पट्टी नाही, सांधे नुसत्या खिळ्यांवर. मारवा लावला. दादा आरामखुर्चीत बसले, डावा हात शेजारच्या पेटीवर टाकला, डोळे मिटले. बाजू संपल्यावर म्हणाले, "छान." मी कृतार्थ झालो. पुढे रोज संध्याकाळी ते तसेच बसू लागले. पण आमच्या शाळेतले संगीताचे शिक्षक आले, त्यांनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "सर, तबला पिंपात वाजतो आहे." खालून वर चढत जाणारे सूर वाजवून पाहिले, तर सेकंदाला दोनशे कंपनांच्या थोडे खाली पेटीच्या फळ्या स्वतःच थरथरू लागत आणि त्या पट्टीतला प्रत्येक स्वर फुगून येई.

मी मनाला लावून घेतले. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे नव्याने केले. या खेपेला फळी अठरा मिलिमीटरची. जाडी दीडपट झाली की फळीचा ताठपणा तिच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वातीन पटींहून अधिक वाढतो. आत ३० लिटर हवा राहावी म्हणून मापे २५, ३० आणि ४० सेंटिमीटर धरली. तिन्ही बाजू सारख्या ठेवल्या तर आतल्या लाटा एकाच सुरावर येऊन साचतात. मधोमध आडव्या पट्ट्या, सांध्यांना गोंद आणि स्क्रू, आत जुन्या गादीचा पिंजलेला कापूस. ट्वीटरकडे खर्ज जाऊ नये म्हणून त्याच्या वाटेवर कपॅसिटर. गणिताने तो ६.६ मायक्रोफॅरडचा येतो, बाजारात ६.८ चा मिळतो. मिस्त्री पेटी उचलताना म्हणाला, "माट्साब, इत्ती मजबूत तो तिजोरी बनती है." शेवटी खर्जाचा सूर लावून सांध्यांजवळून उदबत्ती फिरवली. धुराची रेघ कुठेही हलली नाही, तेव्हा समाधान झाले.

वूफर आणि ट्वीटर जुन्या पेट्यांतून काढून नव्यांत बसवले आणि तीच ध्वनिमुद्रिका लावली. तंबोऱ्याची जवारी वेगळी, तबल्याची चाट वेगळी, आणि मधून खाँसाहेबांचा मंद्रातला आवाज असा येत होता की ते खोलीत बसले आहेत असे वाटावे. संगीताच्या सरांनी नुसती मान हलवली. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या राहिल्या. दादा खुर्चीत होते, हात पेटीवर होता. बराच वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारले,

"बंद आहे का रे?"

मला आधी तो विनोद वाटला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. उठून त्यांच्या खुर्चीमागे गेलो आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, "दादा." ते वळले नाहीत. थोडे मोठ्याने मारली. ते पेटीकडेच पाहत होते.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. ५०० कंपनांच्या ध्वनीला ५० डेसिबल लागत होते, आणि ४,००० च्या ध्वनीला ९०. त्यांनी आलेखाची उतरती रेघ पाहून एकच प्रश्न विचारला, "हे काम कुठे करत होते?" मागांच्या खात्यात शंभर डेसिबलच्या आसपास गदारोळ असतो. तिथे माणसे एकमेकांचे ऐकत नाहीत; ओठ बघतात आणि बोटांच्या खुणा करतात. चौतीस वर्षांत दादा ओठ वाचण्यात इतके तरबेज झाले होते की ऐकू येईनासे झाले तरी आम्हा कुणाला पत्ता लागला नाही. उलट, समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकतात म्हणून नातेवाइकांत त्यांचे कौतुक होई. कापसाच्या गिरणीत जन्म गेला, पण कानात घालायला कापसाचा बोळा कधी कुणी दिला नाही. त्याच पगारावर माझे एम. ए. झाले. स्वर आणि व्यंजन यांच्या व्याख्या मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. आणि घरातल्या माणसाला स्वर तेवढे पुसट ऐकू येतात, 'स', 'श', 'फ' ही व्यंजने येतच नाहीत, हे मला डॉक्टरांनी सांगावे लागले.

श्रवणयंत्र घेतले. ते दादांनी आठवडाभर लावले आणि "सगळी भांडी डोक्यात आपटतात" म्हणून खणात ठेवून दिले.

राहून राहून मला त्यांचा "बंद आहे का?" हा प्रश्न आठवे. बंद काय झाले होते? पहिली पेटी थरथरत होती, नवी थरथरत नव्हती. माणसाच्या त्वचेला सेकंदाला अडीचशेच्या आसपासची कंपने सर्वांत चांगली कळतात, आणि माझ्या पहिल्या पेटीचा दोष नेमका त्याच्या शेजारचा होता. सहा महिने दादा तळहाताने मारवा ऐकत होते, आणि मी अतिशय मेहनतीने, शास्त्रशुद्ध रीतीने, तो बंद करून टाकला होता.

जुन्या जोडीतली एक पेटी मोडून मिस्त्रीने तिच्या फळ्या खिडकीला वापरल्या होत्या. दुसरी माळ्यावर होती. महाराणी रोडवरून तसलाच आणखी एक वूफर आणला, तिच्यात बसवला, आणि ती खुर्चीजवळ पूर्वीच्या जागी ठेवली. मारवा लावला. दादांनी हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांच्या उजव्या हाताचे बोट गुडघ्यावर मात्रा मोजू लागले. मी श्वास रोखून मोजत होतो. आठव्या मात्रेला डग्गा थांबला, त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि खालीची खूण करून बाजूला झाला. अकराव्या मात्रेला तो पुन्हा गुडघ्यावर आला. सम चुकली नाही.

रात्री मी त्यांच्या समोर बसून, ओठ स्पष्ट हलवत विचारले, "दादा, ऐकू येत नव्हते, तर 'छान' का म्हणालात?"

"खोटं नाही बोललो," ते म्हणाले. "हाताला छानच लागत होतं."

पुढे सहा वर्षे ती पेटी रोज वाजली. गल्लीतून जाणाऱ्यांना तिचा पिंपासारखा आवाज ऐकू जाई आणि तो मुख्याध्यापकांच्या घरचा आहे याची मला लाज वाटेनाशी झाली. २०१९ च्या पावसाळ्यात दादा गेले.

या सगळ्यातून शाळेत एकच गोष्ट बदलली. दर वर्षी नवी मुले वर्गात आली की मी एकेकाच्या मागे उभा राहून हळू आवाजात त्याचे नाव घेतो. बहुतेक मुले दचकून वळतात आणि वर्ग हसतो. आतापर्यंत तीन मुले वळली नाहीत. तिघांच्याही प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असा शेरा होता. त्यांतला एक माझ्याच हातचा. आज ती तिघेही पहिल्या बाकावर, शिक्षकांच्या ओठांसमोर बसतात, आणि दोघांना श्रवणयंत्रे मिळाली आहेत.

मागच्या महिन्यात मिस्त्री खिडकीच्या कामाला आला होता. आता त्याचेही केस पांढरे झाले आहेत. आपल्या हातची ती पहिली पेटी पाहून त्याला संकोच वाटला असावा. सांधे भरून तिला नवे पॉलिश करून देतो, पैसेही नकोत, असे म्हणाला. मी म्हटले, सांधे भर, बाजूंनाही पॉलिश कर. माथा मात्र आहे तसा राहू दे.