ठिगळाची कड

विद्यार्थी मित्रहो, हा पाठ तुम्ही बहुधा दिवसभराचे काम आटोपून, रात्रीच्या जेवणानंतर उघडला असेल. तुमच्यापैकी कुणी कारखान्यात पाळी करत असेल, कुणी शेती सांभाळत असेल, कुणाचे हात गॅरेजच्या ग्रीसने काळे झालेले असतील. तेव्हा ललित निबंधात लोखंडाची गोष्ट आली, तर तुम्हांला ती परकी वाटणार नाही, अशी आशा आहे. मी पेशाने मराठीचा शिक्षक. परंतु एखादी गोष्ट बदलण्यापूर्वी ती मुळात तशी का आहे हे विचारावे, हा धडा मला व्याकरणाच्या पुस्तकातून मिळाला नाही. तो वडिलांच्या जुन्या जीपने दिला.

आमचे गाव जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागात, घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या बाजूला आहे. जमीन काळी आणि खोल. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन बैलाचा पाय धरून ठेवते. आमची मोसंबीची बाग गावापासून दोन-अडीच किलोमीटर आत, पांदणीच्या टोकाला होती. आंबिया बहाराची फळे उतरवायची वेळ आणि पांदणीत गुडघाभर चिखल असण्याची वेळ नेमकी एकच. व्यापाऱ्याची गाडी डांबरी रस्त्यावर उभी राही; बागेतून तिथवर माल पोहोचवणे हे आमचे काम.

ते काम वडिलांची, म्हणजे अण्णांची, जीप करत असे. अण्णांनी ती १९८७ साली एका लिलावातून घेतली होती. तिचा मूळ आराखडा दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी विलीज जीपचा. १९४५ साली मुंबईत ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालेल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर ही जीप भारतात जुळवायला आरंभ केला. रणभूमीसाठी जन्मलेले हे वाहन मग आपल्याकडे पाटबंधाऱ्यांच्या कामांवर, निवडणुकीच्या प्रचारात आणि खेड्यापाड्यांच्या वाटांवर धावू लागले. आमच्या जीपने तर गावातल्या कितीतरी बाळंतिणी अंबडच्या दवाखान्यात पोहोचवल्या होत्या.

२००६ साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. हातात पैसा होता आणि डोक्यात एक कल्पना होती. जीप चिखलात रुतते आणि दगडावर आपटते. तिचा पुढचा भागच बदलून टाकावा.

इथे थोडे थांबून त्या भागाची रचना समजून घेऊ. जुन्या जीपचा पुढचा ॲक्सल म्हणजे एक अखंड दांडा. त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्यांची एकेक कमान असते आणि ॲक्सल त्या पाट्यांच्या वर बसवलेला असतो. पाट्यांचे मागचे टोक चासीला पिनने पक्के जोडलेले असते. पुढचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या कडीला टांगलेले असते. भार पडला की कमान सपाट होते, म्हणजे लांब होते. ती वाढलेली लांबी झुलती कडी सामावून घेते. मागचे टोक पक्के असल्यामुळे दगडावर चढणारे चाक वर जाताना किंचित पुढेही सरकते, म्हणजे दगडाच्या अंगावरच जाते. धक्का बसतो तो त्यामुळे.

माझी योजना दोन कलमी होती. शॅकल पुढून काढून मागे न्यायचे, म्हणजे चाक दगडाला भिडल्यावर मागे सरेल. आणि पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवायचे, म्हणजे जीप सुमारे पाच इंच उंच होईल. अण्णांनी सारे ऐकून घेतले. “गाडी आता तुझीच आहे,” ते म्हणाले, “पण तिच्यात बसणारी माणसं आपली आहेत, एवढं ध्यानात ठेव.” मी ते ऐकले आणि विसरलो.

जालना हे पोलादाचे गाव. भंगार वितळवून त्याच्या सळया करणाऱ्या तिथल्या गिरण्या तुम्हांला ठाऊक असतील. भंगाराच्या एका आवारातून ट्रकच्या चासीचे जाड तुकडे मी निवडून आणले. एका तरुण कारागिराने माझ्या सांगण्याबरहुकूम गॅस कटरने जुन्या जोडणीचे रिव्हेट उडवले आणि ते तुकडे चासीच्या पुढच्या टोकांखाली वेल्डिंगने जोडले. त्याने एकदा विचारले, “सर, माप कुठलं धरायचं?” मी म्हणालो, “नजरेनं धर.” दोष असेल तर तो त्या वाक्यात आहे.

पहिला हंगाम आनंदात गेला. जीप पांदणीतून वीस कॅरेट घेऊन सहज बाहेर येई. गावातली पोरे तिच्यासोबत उभी राहून फोटो काढत. डांबरी रस्त्यावर मात्र ती भरकटू लागली. सायकलचा पुढचा चिमटा थोडा तिरका असतो, हे तुम्ही पाहिले असेल; त्या तिरकेपणामुळेच हात सोडले तरी सायकल काही काळ सरळ चालते. जीपच्या चाकांनाही ज्या खिळीभोवती ती वळतात तिचा असाच काही अंशांचा मागे झुकाव असतो. नजरेने केलेल्या कामात तो झुकावच नाहीसा झाला होता. शिवाय उंची वाढल्यामुळे स्टेअरिंगचा दांडा उतरता झाला होता. चाक खड्ड्यात वर-खाली झाले की स्टेअरिंग आपोआप वळे. मी त्यालाही सवय म्हणालो. माणूस आपल्या चुकीला किती लवकर सवय हे नाव देतो!

दुसऱ्या वर्षी, कोजागरीच्या आदल्या संध्याकाळी, बागेतून परतताना आई माझ्या शेजारी बसली होती. मागे फळे तोडायला आलेल्या चार बाया होत्या. एकीच्या मांडीवर तिचे लेकरू झोपले होते. वाटेत ओढ्यावर नळकांड्यांचा पूल होता. त्याला कठडा नव्हता. पुलाच्या तोंडाशी पुढून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि जीप डावीकडे ओढली गेली. ब्रेक लागला तेव्हा डावे चाक पुलाच्या कडेपासून वीतभर अंतरावर होते.

कुणाला खरचटलेही नाही. कुणी काही बोललेही नाही. बाया खाली उतरल्या, भाकरीची फडकी त्यांनी कमरेला खोचली आणि अंधारातून चालत गावाकडे निघाल्या. लेकरू त्या बाईच्या खांद्यावर तसेच झोपलेले होते.

जीप ओढत जुन्या जालन्यात नेली, ती एका वयस्क मेस्त्रींकडे. सारे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने जोडाजवळची चासी पुसली, कोरडी केली आणि तिच्यावर खडूची भुकटी चोळली. थोड्या वेळाने पांढऱ्या भुकटीवर एक बारीक ओली रेघ उमटली. चिरेत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येत होते. डावीकडची चीर डोळ्यांना दिसतच होती. उजवीकडची, केसाएवढी, त्या खडूने दाखवली.

“वेल्डिंग निघालंय का?” मी विचारले.

“वेल्डिंग पक्कं आहे,” चाचा म्हणाले. “ठिगळ नाही फाटत, सर. ठिगळाच्या कडेला कापड फाटतं.”

मग त्यांनी समजावले. चासी ताठ असावी असे आपल्याला वाटते; खरे तर ती खाचखळग्यांत थोडी पिळली जावी, अशीच बनवलेली असते. तिच्या आडव्या पट्ट्या रिव्हेटांनी जोडण्यामागे तेही एक कारण आहे. जाड तुकडा जोडून मी एक जागा ताठ केली. मग साऱ्या पिळाचा ताण तिच्या कडेवर आला. त्यातच वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्यालगतचे लोखंड बदलले होते आणि टाका घातला होता चासीला आडवा. बदल करूच नये, असे चाचांचे म्हणणे नव्हते. ओळंबा आणि कोनमापक घेऊन, जोडपट्टीची टोके तिरपी कापून, रिकामी गाडी महिनाभर चालवून त्यांनीही असे काम केले असते. “पण आधी विचारलं असतं,” ते म्हणाले, “की कंपनीनं हे असं का ठेवलं?”

कायद्याचा प्रश्नही हाच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मालकाला नोंदणीतील मूळ वर्णनाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही. इंधन बदलण्यासारखे काही अपवाद तेवढे आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. पूर्वी मला अशी कलमे उत्साहाला घातलेली वेसण वाटत. आता त्यांच्यामागे मला त्या चार बाया चालताना दिसतात.

जीप पूर्ववत करायचे ठरले. पण मूळ जोडण्यांचे तुकडे मी भंगारात टाकले होते. अण्णा गोठ्यात गेले आणि एक गोणपाट घेऊन आले. आत दोन्ही जुन्या जोडण्या होत्या, गंज चढू नये म्हणून ग्रीस माखलेल्या. वर्षभर त्यांनी त्या जपल्या होत्या आणि एका शब्दानेही मला टोचले नव्हते. चाचांनी चिरांच्या टोकांना बारीक छिद्रे पाडून त्यांची वाढ थांबवली, मग त्या भरल्या आणि जुन्या जोडण्या मजबूत बोल्टांनी बसवल्या.

आणि पांदण? अण्णा पूर्वीपासून पांदणीच्या तोंडाशी उतरत, चारही चाकांची थोडी हवा सोडत आणि परतल्यावर हातपंपाने भरत. हवा कमी झाली की टायर पसरते आणि चिखलावरचा दाब विभागला जातो. मला तो म्हातारपणाचा संथपणा वाटत आला होता. त्या वर्षी पंप मी मारला.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही शिकाल, पुढे जाल आणि घरातल्या, गावातल्या पुष्कळ गोष्टी बदलाल, बदलायलाच हव्यात. फक्त कटर लावण्यापूर्वी जुन्या जोडाला त्याचे कारण विचारा आणि त्या गाडीत कोण बसणार आहे, ते पाहा. त्या बायांपैकी तिघी पुढच्या हंगामात पुन्हा जीपमध्ये बसल्या. चौथी, लेकराची आई, मात्र बागेत चालतच येत राहिली. ट्रकच्या चासीचा तो जाड तुकडा आजही आमच्या अंगणात आहे. जीप उतारावर उभी केली की तिच्या चाकाखाली टेकण म्हणून मी तोच लावतो.