खाचेत मावलेलं गाणं

फोनोच्या तबकडीवरची खाच कधी भिंगाखाली पाहिलीत का? सरळ वाटणारी ती रेघ नदीसारखी नागमोडी असते. गाणं म्हणजे ती वळणंच! ती किती मोठी असावीत, हे मात्र गवयाच्या हाती नव्हतं.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजान त्याच्या कर्ण्यापुढे गायल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. आवाजाच्या धक्क्याने पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणात खाच कोरायची. सारं बळ गळ्याचं. खर्जाचा आवाज कर्ण्यात नीट शिरतच नसे. म्हणून त्या काळच्या तबकड्यांत डग्गा जवळजवळ मुकाच. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि दुखणं उलटलं. आता खर्ज सापडू लागला. पण तो सुईला असा रुंद झोका देई, की ती शेजारच्या खाचेत घुसायची! तेव्हा त्याला मुद्दाम दबवून कोरू लागले. खाचा दूरदूर ठेवाव्यात, तर वेळ कमी पडतो. मुळात दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मिनिटं तीन-साडेतीन.

तासभर रंगणारा ख्याल एवढ्यात कसा बसायचा, म्हणून जाणकार हळहळतात. मी मराठी शिकवणारा माणूस. साडेतीन चरणांच्या ओवीत ज्ञानेश्वरी मावलेली पाहिली आहे. मला ही हळहळ फारशी पटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकूनच तर भीमसेन जोशी लहान वयात घर सोडून गाणं शोधायला निघाले.

खरी अडचण पुढेच आहे. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड असते. पोलादी सुई तीवर घासून खाचेच्या मापाची होते आणि जाता जाता खाचही झिजवते. आमच्या सेलूच्या घरात आजोबांच्या वेळची एक कर्ण्याच्या काळातली तबकडी आहे. ऐंशीच्या घरातले अण्णा ती रोज मागतात. तबकडी राखावी की अण्णांचं मन?

“आजोबा, मोबाइलवर लावू का? तेच आहे,” माझा मुलगा म्हणतो.

अण्णा नुसते हसतात. मी नवी सुई घालतो, चावी देतो. खरखरीतून गाणं वर येतं, आणि अण्णांचा डावा तळवा खुर्चीच्या हातावर डग्गा धरतो.