पायाखालचा भाता

भावगीतांच्या कार्यक्रमांना मी पेटीची साथ करतो. हल्ली छोट्या कार्यक्रमांत पेटी आणि बासरी एकाच माणसाने सांभाळावी अशी अपेक्षा असते, म्हणून मिडी कीबोर्ड घेऊन तो लॅपटॉपला जोडला. आवाज उत्तम होते. पेटीचे सूर तर खऱ्या पेटीवरूनच रेकॉर्ड केलेले. तरीही वाजवायला बसलं की पेटी काही वाटेना. तानेत एखादा सूर अंगावर यायचा, तर शेजारचा गिळला जायचा.

असा कीबोर्ड स्वतः आवाज काढत नाही, नुसते आकडे पाठवतो. कोणती पट्टी दाबली आणि ती किती वेगाने खाली गेली, एवढंच तो सांगतो. 1983 साली मिडी आलं तेव्हापासून हा वेग 1 ते 127 असा मोजला जातो. पियानोला ते बरोबर लागू पडतं, कारण तिथे हातोडी तारेवर आपटते. पेटीत मात्र जोर असतो भात्याचा. पट्टी कशीही दाबा, खालचं भोक उघडतं आणि हवा स्वरपत्तीतून जाते, इतकंच.

म्हणून आधी या वेगाचा, म्हणजे व्हेलॉसिटी कर्व्हचा मेन्यू उघडला. सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड यांच्या खाली फिक्स्ड होतं. ते निवडून आकडा 100 वर ठेवला. तान एकसारखी पडू लागली, पण सगळं गाणं एकाच पातळीत, सपाट. आता भाता हवा होता.

तो एक्स्प्रेशन पेडलने दिला. पेडल मिडीच्या 11 नंबरच्या कंट्रोलरला जोडलं. 7 नंबर हा एकूण आवाजाचा. तो एकदा बाकीच्या वाद्यांशी जुळवून सोडून द्यायचा आणि चढउतार 11 वर करायचे. सुरुवातीला पेडल उलटं चालत होतं, पाय दाबला की आवाज बारीक. प्रत्येक कंपनीच्या पेडलची वायरिंग सारखी नसते. मेन्यूत पोलॅरिटी बदलल्यावर ते सरळ झालं. मग खालची मर्यादा. ती 0 असल्याने पाय वर येताच सूर तुटायचा. पेटीत भाता क्षणभर थांबला तरी आत साठलेल्या हवेवर सूर तग धरतो. मर्यादा थोडी थोडी वाढवत 45 वर आणली, तेव्हा दोन ओळींमधली जागा भरल्यासारखी वाटू लागली.

बासरीचं दुखणं वेगळं. पिच बेंडचं चाक साधारणपणे दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली जातं, म्हणजे सा वरून जेमतेम शुद्ध रे. एवढ्यात मींड कसली, सूर न तोडता एकावरून दुसऱ्यावर सरकणार कसं? गंमत अशी की चाक फक्त आपण कुठवर फिरलो ते कळवतं. त्यावर सूर किती सरकवायचा हे लॅपटॉपमधला आवाज ठरवतो. त्याला 101 आणि 100 या कंट्रोलरांवर 0 पाठवून मग 6 वर हवा तो आकडा द्यावा लागतो. हे सगळे संदेश मी एका बटणावर बसवले. 12 दिल्यावर अख्खं सप्तक हाती आलं, पण दरबारीचा कोमल गंधार आंदोलित करायला गेलो की चाक जरा हलताच सूर मध्यमावर आदळे. शेवटी 5 वर स्थिरावलो आणि आंदोलनाच्या गाण्यांसाठी 2 चं वेगळं बटण ठेवलं.

पेटीच्या प्रीसेटमध्ये हा आकडा मी 0 केला आहे. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती शिथिल व्हायला 1971 उजाडलं. पेटीतून मींड निघत नाही हा तेव्हाचा एक मोठा आक्षेप. आता तो आकडा वाढवून चाकाला बोट लावलं तर पेटीही मींड घेईल. पण तशी मींड घेणारा आवाज माझ्या कानाला पेटीचा वाटत नाही. कण आणि जलद स्वरसमूह यांतून मींडेचा भास निर्माण करणं हेच पेटीवाल्याचं कसब, आणि ते अजून बोटांनीच करावं लागतं.